वीस घागरी

॥ श्री ॥

मालदीव
४ मे २००३

ती. अण्णा व ती. सौ. आई यांच्या चरणी उत्तरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचलो. हे पत्र अण्णा आईला वाचून दाखवतील, आणि त्यांना ऐकू कमी येत असल्यानं इतक्या मोठ्यानं वाचतील की चारा छावणीतल्या गाई-म्हशींनाही माझी खुशाली कळेल. म्हणून समस्त छावणीलाही नमस्कार.

नोकरीचं घाईत नीट सांगता आलं नव्हतं. वैमानिकाचं लायसन खिशात ठेवून सहा वर्षं मी पुण्यात दुसऱ्यांच्या प्रवासाची तिकिटं फाडली. मोठ्या कंपन्या अनुभव मागतात, आणि उडवायला विमान दिल्याशिवाय अनुभव येत नाही. शेवटी माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्रानं सांगितलं की मोठ्यांचा नाद सोड, बेटांवर लहान विमानांच्या कंपन्या असतात, त्यांना थोडक्यात राबणारी माणसं हवी असतात. चौदा ठिकाणी लिहिलं, उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, लपवत नाही. पहिला हंगाम धक्क्यावर काढायचा: दोर बांधायचे, प्रवाशांच्या पेट्या चढवायच्या. मग उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसवतात.

इथल्या विमानांना चाकं नाहीत, होडीसारखे दोन लांब डबे आहेत. पाण्यावरून उडतात आणि पाण्यावरच उतरतात. वैमानिक अर्ध्या चड्डीत, अनवाणी असतात. सकाळी दार उघडलं की समोर निळं पाणीच पाणी. एवढ्यासाठीच कमी पगार घेतला असं म्हटलं तरी चालेल.

आईनं रोज दहा तांबे पाणी प्यायचं आहे. मुतखड्याच्या वेळी बीडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तिची एक किडनी नावालाच उरली आहे. टंचाई असली तरी तिच्या पाण्यात काटकसर नको.

लोभ आहे तसाच ठेवा.

आपला,
उत्तरेश्वर

---

सावळगाव, ता. जि. बीड
२ जून २००३

चि. उत्तरेश्वर यास भगवानरावचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून दाखवलं. दूध संस्थेच्या ऑफिसात तुझा टोपी-पट्टीतला फोटो मी माझ्या चेअरमनच्या खुर्चीमागं लावलेला आहे. आता अनवाणी विमानाचं ऐकल्यावर छावणीतली साखराबाई म्हणाली की भाऊ, आमचा गाडीवान बी पायात जोडा घालतो, फोटो तेवढा उतरवा. मी उतरवणार नाही. तुझ्या अंगावर पूर्ण कपडे असल्याचा तेवढाच पुरावा आहे.

आपल्या संस्थेच्या छावणीत सहाशे जनावरं झाली. संस्था काढली तेव्हा वाटलं होतं, घरोघरचं दूध गोळा करू. आता दूध नाही, गोळा झाली ती जनावरं. टँकर चौथ्या दिवशी येतो. माजलगावचं धरण तुझी ताई शिवकन्या सांगते की पायी पार करता येतं.

पाणी बघायचा पगार मिळतो हे मी प्रथमच ऐकलं. आमच्याकडं फुकट बघायलाही नाही. पण तुझ्या अक्षरावरून तू आनंदात दिसतोस. सहा वर्षांत तुझं अक्षर इतकं मोकळं नव्हतं. आई विचारते की तिथं दही लागतं का, आणि पाण्यावर उतरताना विमान बुडत कावून नाही. दोन्हीची उत्तरं लिही. ती दहा तांबे पिते, मी समोर बसून पाजतो.

इकडची काळजी नको. तब्येतीला जप, एवढंच मागणं.

तुझा,
अण्णा

---

मालदीव
२९ जून २००३

ती. अण्णा व ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

दही लागतं, पण गोड लागतं, खाववत नाही. विमानाचे डबे पोकळ असतात, म्हणून ते बुडत नाही. आईला म्हणावं, रिकामी घागर उलटी घालून विहिरीत पोहायला शिकलो होतो, तसंच.

आता मला आणखी एक काम मिळालं आहे. संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं की ते धुवायचं. समुद्राचं मीठ पत्रा खातं, म्हणून रोज गोड्या पाण्याच्या नळीनं नखशिखांत न्हाऊ घालावं लागतं. समुद्राचंच पाणी इथं यंत्रात गोडं करतात, एका विमानाला ते तीनशे लिटर सहज जातं. नळीच्या फवाऱ्यात ऊन आलं की इंद्रधनुष्य उमटतं. अंगावर थंड पाणी उडतं आणि दिवसभराचा शीण जातो. लहानपणी पोळ्याला बैल धुवायचो, त्याची आठवण येते.

आपण सर्व खुशाल असाल. पत्राची वाट पाहतो.

आपला,
उत्तरेश्वर

---

सावळगाव
८ ऑगस्ट २००३

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

तुझं जूनचं पत्र उशिरा मिळालं. मी नेहमीसारखं छावणीच्या दारात बसून वाचलं. तीनशे लिटर म्हणजे किती, असं आईनं विचारलं. संस्थेचा क्लार्क शहादेव हिशेबाला पक्का, त्यानं लगेच सांगितलं की वीस घागरी. साखराबाई म्हणाली की आमच्या गल्लीचं दोन दिसाचं पाणी हाय हे, यांचं पोरगं रोज इमानाला आंघोळ घालतंय. मग सगळे हसले. आई हसली नाही.

यापुढं पत्रात पाण्याचं काही लिहू नकोस. कारण विचारू नकोस. आईची तब्येत ठीक आहे.

पेपरात आलं आहे की सरकार पावसाचं विमान आणणार. ढगात मीठ फवारतात म्हणे. त्यात तुला जागा मिळेल काय? तिकडं तू विमानावरचं मीठ धुतोस, इकडं विमानातून मीठ टाकायचं आहे, एवढाच फरक. जमत असेल तर बघ. जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस.

पत्राला उशीर लावू नकोस. आठवण धरून असतो.

तुझा,
अण्णा

---

मालदीव
३० ऑगस्ट २००३

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

मी विचार न करता लिहून गेलो. शरम वाटली. पुन्हा लिहिणार नाही.

पावसाच्या विमानाला ढगांत शिरून बाहेर पडणारे मुरलेले लोक लागतात. मला अजून खुर्चीच मिळालेली नाही. खोटं कशाला सांगू, मिळत असती तरी मी आलो असतो की नाही, माहीत नाही.

इथं साठीचा एक कॅनडाचा वैमानिक आहे. मोठ्या कंपनीतली मोठी नोकरी सोडून आला. तो म्हणतो की पगाराची नोकरी तीस वर्षं केली, आता जगण्याची करतो. एक आयरिश मुलगी पुढच्या वर्षी याहून लांबच्या बेटांवर जाणार आहे, तिथं पगार याच्याही निम्मा. सगळे असेच एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. पत्ते एकमेकांना चिठ्ठीवर लिहून देतात, आपल्याकडं स्थळं सुचवतात तसे. पहिल्यांदा वाटलं, काय सुखी माणसं. आता कळतं की प्रत्येक जण कुठून तरी पळून आलेला आहे. अण्णा, मीही पळूनच आलो. सहा वर्षं गावात पाय ठेवला की प्रत्येक जण वर आभाळाकडं बोट करून विचारायचा की कधी उडणार. इथं कुणी विचारत नाही.

रागावू नका. इतकं खरं आजवर लिहिलं नव्हतं. हे एवढं आईला वाचून दाखवू नका.

आपलाच,
उत्तरेश्वर

---

सावळगाव
१२ ऑक्टोबर २००३

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी रागावलो नाही. पळून जाऊन माणूस कुठंतरी पोचत असेल तर त्याला पळणं म्हणू नये. ती नोकरी सोडायचा विचारही करू नकोस.

पावसाचं विमान दोनदा आपल्या शिवारावरून गेलं. मला आवाज येत नाही, आई हात धरून दाखवते. ती हल्ली दुपारचीही गच्चीवर असते. विमान गेलं, ढगही गेले. दोन थेंब पडले ते धुळीनंच पिऊन टाकले. पण आई बरी आहे. पाणी पिते.

पत्रं माझ्या नावानं, संस्थेच्या पत्त्यावर टाकत जा. घरच्या पत्त्यावर नको. पोस्टाचा घोळ आहे.

खुशाली कळवत राहा, त्यावरच दिवस जातात.

तुझा,
अण्णा

---

मालदीव
२ नोव्हेंबर २००३

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. कालपासून उजवीकडच्या खुर्चीत बसतो. पहिल्या उड्डाणात कॅनडाच्या म्हाताऱ्यानं लिमलेटची गोळी पुढं केली. खाली बेटं अशी दिसतात की परातीत कुणी भाकरीचे तुकडे टाकावेत. हंगाम पुरा केला की माझ्या नावावर उड्डाणाचे तास जमतील, मग कुठंही विचारतील. मध्येच सोडलं तर मात्र परत धक्काच.

आपण सांगितल्याप्रमाणे पत्र संस्थेच्या पत्त्यावर टाकतो आहे. दिवाळीचं पार्सल मात्र आईच्या नावानं घरीच पाठवलं, ते तिनं स्वतः सोडावं म्हणून. शिंपले आहेत, एक ओढणी ताईसाठी, आणि माझा एक फोटो. तिला वाचता येत नाही, बघता तरी येईल.

आपल्या आशीर्वादानं इथवर आलो. तो पाठीशी असू द्या.

आपला,
उत्तरेश्वर

---

सावळगाव
५ डिसेंबर २००३

चि. उत्तरेश्वर यास ताईचा आशीर्वाद.

मी माजलगावहून पंधरा दिवसांपासून इथंच आहे. अण्णांनी तुला लिहू नको म्हणून शपथ घातली होती. ती मोडते आहे. ओढणी मिळाली. तुझ्या फोटोबद्दल लिहायचं आहे.

तू जूनच्या पत्रात विमान धुण्याचं लिहिलंस ते ऐकलं, त्या दिवसापासून आईनं पाणी सोडलं. पूर्ण नाही, दहा तांब्यांचे दोनवर आणले. उरलेले आठ रोज सकाळी छावणीच्या हौदात जनावरांना नेऊन ओतायची. अण्णा ओरडले, हाता-पाया पडले. तिचं एकच म्हणणं की माझ्या लेकराच्या हातून रोज वीस घागरी गोडं पाणी सांडतंय, ह्या दुष्काळात त्याचं पाप कुणाच्या माथी बसंल, मला जमंल तेवढं मी भरते. वीस घागरी तर भरायच्या नाहीत, म्हणून आठ तांबे. तिला वाटायचं की तसं नाही केलं तर तुझं विमान बुडून पाण्यातच राहील. अण्णांनी तुझंच पत्र पुढं करून सांगितलं की ते समुद्राचंच पाणी आहे, यंत्रात गोडं करतात. ती म्हणाली की गोडं झालं ना, मग पिण्याचंच झालं.

अण्णांनी मग खोटं रचलं. तुझं ऑगस्टचं पत्र हातात धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं की तू ती नोकरी सोडली, पावसाच्या विमानावर लागलास, सगळ्या मराठवाड्यावर पाणी पाडायचं काम तुझ्याकडं आहे. त्यातलं एक अक्षर तुझ्या पत्रात नव्हतं. ते आता मी संस्थेच्या कपाटातून काढून वाचलं. आई पाणी प्यायला लागली. सांडणारा लेक आता पाडणारा झाला, असं म्हणायची. विमानाचा आवाज आला की गच्चीवर जाऊन अण्णांचं पांढरं धोतर पसरायची, तुला वरून घर ओळखू यावं म्हणून. साखराबाईनं टोमणा मारला की वैनी, तुमचा पोरगा लोकाच्या रानात पाडतोय, आपल्यावर न्हाई, नीट सांगा त्याला. तरी आईला राग आला नाही, उलट कौतुक वाटायचं.

मग तुझं पार्सल आलं. अण्णा छावणीत होते. तिनं स्वतः सोडलं. फोटोत तू अनवाणी, हातात नळी, विमानावर पाण्याचा धबधबा, आणि दात काढून हसतोस. तिला तारीख वाचता येत नाही, पण इथं कपिलधारचा धबधबासुद्धा कोरडा पडलाय, म्हणजे फोटो इकडचा नाही, हे तिला कळतं. तिनं फोटो देव्हाऱ्यात ठेवला आणि तांबे मोजून हौदाकडं निघाली.

आता तिचे पाय सुजलेत. बीडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून किडनी आणखी बिघडल्याचं कागदावर लिहून दिलं. अण्णा तुला का सांगत नाहीत ते मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं, एवढ्या वर्षांनी पोरगं कुठंतरी नीट बसलंय, त्याला उठवू नये. तू रागावू नको त्यांच्यावर. रागवायचं तर सगळ्यांवरच, म्हणजे मग कुणावरच नाही.

जसं सुचलं तसं लिहिलं. ताईवर माया ठेव.

तुझी,
शिवकन्या

---

मालदीव
२२ डिसेंबर २००३

ती. सौ. आईस उत्तरेश्वरचा नमस्कार.

अण्णा, हे पत्र आहे तसं वाचा. एक शब्द वाढवू नका, गाळू नका.

आई, तो फोटो जुना आहे, जूनचा. आता विमान मी धूत नाही, चालवतो. आणि तेही सोडलं. आज राजीनामा दिला. बदली माणूस येईपर्यंत महिनाभर थांबावं लागेल, मग मी घरी येतो. पावसाच्या विमानावर मी कधीच नव्हतो. पण यापुढं माझ्या हातून पाणी सांडणार नाही. तू माझ्यासाठी काही भरायचं नाहीस. हे पत्र ऐकल्याबरोबर एक तांबा पी, अण्णांच्या समोर.

तुझा,
उत्तरेश्वर

---

सावळगाव
८ जानेवारी २००४

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी अक्षर न अक्षर वाचलं. आयुष्यात इतकं खरं वाचलं नव्हतं. ऐकून आईनं विचारलं की हे कागदावर आहे का गेल्या खेपेसारखं. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

शिवकन्येला वाचायला लावलं. आई म्हणाली की लेकी बापाच्याच बाजूच्या. शहादेवला लावलं. तो संस्थेच्या पगारावरचा. शेवटी साखराबाईनं स्वतःच्या पोरीला, चौथीतल्या, आणून वाचवलं. मग आई हसून म्हणाली की बघा, माझ्यासाठी सगळ्या गावानं पाठ केलंय.

तिचं चूक नाही. मी पंचवीस वर्षं चेअरमन आहे, संस्थेच्या एका शेणाच्या पाटीचं खोटं बोललो नाही. एकदाच बोललो, तेही मोठ्यानं.

आता पत्र नको. तू ये. विमान, बोट, जे मिळेल ते. कागदावरचं तिला पटणार नाही.

वाट पाहतो.

तुझा,
अण्णा

---

औरंगाबाद
१७ फेब्रुवारी २००४

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

ज्यासाठी तुम्ही गावी मागं राहिलात, ती छावणीची तपासणी आटोपली असेल. हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. एक विनंती आहे. हे मोठ्यानं वाचू नका. खोलीत जाऊन, दार लावून, मनातल्या मनात वाचा.

मी आलो त्या दिवशी तिनं माझ्यासमोर भरलेला तांबा एका दमात रिकामा केला, ते तुम्ही पाहिलंच. सगळी छावणी पाहायला आली होती. साखराबाई रडली. आपल्याला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजला आणि इथं आणावं लागलं.

डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आता आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून दिवसाला फक्त अर्धा लिटर, त्यातच चहा आणि गोळ्यांचं. आता ती पाणी मागते, अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मागते, आणि मी नाही म्हणतो. सकाळी नर्स बाटली ठेवून जाते. त्यातलं थोडं ती झाकणात ओतून माझ्यापुढं करते, की तू लांबून आलास, तू आधी पी. मी घेतलं नाही तर तीही घेत नाही. म्हणून मी पितो. तिच्या अर्ध्या लिटरातलं.

आठवड्यातून दोनदा तिला यंत्रावर घेतात. रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालतात. यंत्र चालवणाऱ्याला मी विचारलं. एका वेळेला सव्वाशे लिटर स्वच्छ केलेलं गोडं पाणी लागतं आणि ते सगळं नळीनं गटारात जातं. आठ घागरींच्या वर. शहादेवला हिशेब करायला सांगू नका.

काल यंत्रावर असताना तिनं नळीकडं बघून मला विचारलं की ह्याला पाणी किती लागतं रे. मी म्हणालो की पाणी लागत नाही, विजेवर चालतं. तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले.

माझं तिला पटतं, अण्णा.

छावणीत कुणी विचारलं तर वीज एवढंच सांगा, आणि माझ्यावर माया असू द्या.

आपला,
उत्तरेश्वर